गप्पी माशांचा पाहुणचार

कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं पातेली ढवळलेल्या आचारीबुवांनी आयुष्यात कुणाला अर्धपोटी उठू दिलं नव्हतं. या गुणाचं घरात फार कौतुक होतं. बायकोला मात्र त्याचा धसका होता.

मुलगी आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन महिनाभर राहायला येणार होती. मागच्या वेळी डासांनी बाळाला फोडून काढलं होतं, आणि धुराने खोकला लागला तो वेगळाच. त्यामुळे तिने फोनवर बजावलं, "बाबा, कॉइल नको, फवारा नको. आणि डास दिसले तर मी परत निघाले!"

आचारीबुवा कामाला लागले. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घातल्या, गच्चीवरचं जुनं टायर भंगारात दिलं. परसातल्या हौदात वीस गप्पी मासे सोडले. डासांच्या अळ्या खाऊन ते हौद साफ ठेवणार होते. "आता इथे डासाची टाप नाही यायची!" बुवांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं.

मुलगी आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी बाळाच्या गालावर तीन लाल गांधी. मुलीने बॅग उघडली आणि बाळाची झबली परत आत भरली. महिनाभर नातीला खेळवायचे बेत बुवांनी कधीचे रचले होते.

"तीन दिवस दे गं मला," ते म्हणाले.

"तीनच हं, बाबा."

बुवांनी हौदातून डावभर पाणी काढलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. आणि हौदात अळ्यांच्या शेजारूनच एक टम्म फुगलेला मासा त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता संथपणे निघून गेला.

"आयतोबा सगळे!" बुवा कडाडले.

बायको पदराला हात पुसत आली. तिला पाहताच मासे तळाशी गेले, बुवांची सावली पडताच मात्र झुंडीने वर आले. तिने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "अहो, खायला काय घालता यांना?"

"काही नाही गं. सकाळी उकडलेल्या अंड्याचा बलक, चिमूटभर. दुपारी पाव. संध्याकाळी मात्र अगदी हलकं."

"पहाऱ्याला ठेवलेत की जावई म्हणून आणलेत?"

बुवा ओशाळले. त्यांनी हौदाचं सगळं पाणी फडक्यातून गाळलं, बाळाच्या पाळण्याला मच्छरदाणी बांधली आणि पावाचा डबा बायकोच्या स्वाधीन केला. पहिला दिवस त्यांना फार जड गेला. मासे तोंड वर करून वाट बघायचे आणि बुवा तोंड फिरवून घरात यायचे. जेवणावर त्यांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका माशाने गाळण्यातून निसटलेली अळी झपकन गिळली. बुवांनी सगळ्या घराला हाका मारल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे गाल स्वच्छ होते. मुलगी हसली, पण बॅगेचं काही बोलली नाही.

नाश्ता झाल्यावर बुवा हळूच परसात गेले. सावली पडली तसे मासे धावत वर आले. बुवांनी मागे-पुढे पाहून मूठ उघडली. मुठीत पावाचा तुकडा होता.

समोर दोरीवर बाळाची झबली वाळत होती. सगळीच्या सगळी.

बुवांनी मुकाट्याने तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.