वासरखेड्याची बारव

फैजपूरला काँग्रेस भरली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. साक्री तालुक्यातल्या वासरखेड्याचा अभिमन पाटील धुळ्याहून रेल्वेनं फैजपूरला जाऊन आला होता. येताना डोक्यावर खादीची टोपी आली आणि मागोमाग गावच्या कमिटीचं काम आलं. चार इयत्ता शिकलेला, पत्र लिहिता येणारा गावात तोच. लोक त्याला नाना म्हणत.

जेठ महिन्यात तालुक्याचा कार्यकर्ता पंडित सायकल ढकलत गावात आला. सायकलवर बसून यावं असा रस्ताच नव्हता. मारुतीच्या पारावर गाव जमलं. पंडितनं घाम पुसला आणि कागद काढला.

"हिवाळ्यात लोकल बोर्डाच्या निवडणुका आहेत," तो म्हणाला. "या खेपेला बोर्ड आपल्या हातात आलं पाहिजे. सडका, दवाखाने, शाळा, पिण्याचं पाणी, शेंगा एकत्र विकायला सोसायटी, हे सगळं पक्षानं लिहून काढलंय. पण प्रत्येक गावानं आधी आपलं एकच काम सांगायचं. बोर्ड आलं की पहिलं ते काम. ही जबान आहे."

"सडक लिखा!" जीवराम गाडीवान उभाच राहिला. "दर बाजारले मन्ही गाडीना आख मोडस. साक्रीना सुतार आते मन्हा व्याही व्हई गया!"

लोक हसले. सडक सगळ्यांनाच हवी होती. साक्रीचा बाजार सात मैल, मध्ये दोन नाले. शेंगा आणि कापूस धुळ्याला न्यायचा तर गाडी आधी साक्रीपर्यंत धड पोचली पाहिजे.

अभिमन कागद घेऊन घरी आला. रात्रीच लिहून सकाळी पंडितच्या हाती द्यायचा होता. त्याची बायको भागाबाई चुलीपुढं बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदात काय आहे ते तिला पारावरून आधीच कळलं होतं.

"आधी बारव लिखा तुम्ही," ती म्हणाली.

वासरखेड्याला पिण्याच्या पाण्याची एकच जागा, ती बारव. चौतीस दगडी पायऱ्या. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरत आणि हंडा बुडवून वर येत. देवीची लस टोचणारा दर साली यायचा, तो सांगून गेला होता की गावात नारू निघतो तो या पायऱ्यांमुळं. पायऱ्या चिणून टाका, वर कठडा बांधा, रहाट बसवा, कोणाचा पाय पाण्याला लागू देऊ नका. दर साली दोन-चार जणांच्या पायातून तो जंत, पांढऱ्या दोऱ्यासारखा, निघायचा. महिना महिना माणूस खाटेवर पडायचं.

"लोकेस्ले सडक पाहिजे," अभिमन म्हणाला.

"पाय धड राहतीन तवय सडक कामनी."

"आणि कानबाई? पायऱ्या बुजवल्या तं कानबाई कोठून उतरवशात? पोहरामा बसाडीसन सोडशात?"

यावर भागाबाई गप्प झाली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते, सोमवारी तिला वाजतगाजत पाण्याला नेतात. वासरखेड्याला नदी जवळ नाही, म्हणून कानबाई बारवेत शिरवायची. पाटलांच्या भाऊबंदकीची कानबाई सात वर्षं भागाबाईच डोक्यावर नेत होती. हा मान तिच्या थोरल्या बहिणीनं, वच्छलाबाईनं, आपल्या हातानं तिला दिला होता. दोघी बहिणी एकाच भाऊबंदकीत दिलेल्या. वच्छलाबाई विधवा झाली तेव्हा मान धाकटीकडं आला.

अभिमननं सडक लिहिली. बायको कानबाईपायी गप्प बसली हे त्याला माहीत होतं, आणि कानबाईचं नाव आपण मुद्दाम काढलं हेही त्याला माहीत होतं.

आषाढात भागाबाईच्या घोट्याला फोड आला. फुटला तेव्हा आत दोरा दिसला. तिनं तो रीतीप्रमाणं काडीला गुंडाळला, रोज बोटभर ओढायचा, वर चिंधी बांधायची. नारू तुटू द्यायचा नाही. तुटला तर पाय सडतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

कानबाईचा सोमवार आला तरी दोरा निघून संपला नव्हता.

"यंदा दुसरी कोणी घेईल," अभिमन म्हणाला.

"मान मन्हा शे," ती म्हणाली. "सात साल नेयी, आते आठवं. चालता येस माले."

ती लंगडत का होईना, पण नेटानं गेली. बारवेच्या वरच्या पायरीशी डफ थांबला. तिथं भागाबाईनं वाकून पायाची चिंधी सोडली. पू लागलेली चिंधी बांधून देवीला पाण्यात न्यायची नाही, हा तिचा नेम. काडीही काढली, दोरा घोट्यावर चिकटवून ठेवला आणि कानबाई डोक्यावर घेऊन एकेक पायरी उतरली. कमरेइतक्या पाण्यात गेली. बायका गात होत्या. अभिमन वर उभा होता. त्यानं चिंधी सोडताना पाहिलं आणि त्याला वाटलं, बाईमाणसाला किती सोवळं कळतं. त्याला तिचा अभिमान वाटला.

वर येताना ओलं लुगडं घोट्यावर घासलं आणि दोरा तुटला. पोळ्यापर्यंत पाय मांडीपर्यंत काळा पडला. गाडीत घालून साक्रीच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पाहिलं आणि अभिमनला बाहेर बोलावलं. त्यांनी काही सांगायच्या आत तो समजला.

परत येताना जीवरामच गाडी हाकत होता. नाल्यात आख मोडला. दोघांनी मिळून तिला दुसऱ्या गाडीत घेतलं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेली.

हिवाळ्यात निवडणूक झाली. अभिमन घरोघर फिरला, कारण घरी बसवत नव्हतं. बोर्ड पक्षाच्या हाती आलं. वासरखेड्याच्या नावापुढं सडक लागली, पुढच्या दिवाळीनंतर खडी पडणार असं ठरलं. लोकांनी अभिमनला पेढा आणून दिला. त्यानं तो कोनाड्यात ठेवला. मुंग्यांनी नेला.

पुढच्या आषाढात नारू निघाला. दोन-चार जणांना नव्हे. तेवीस घरांत, काही घरांत तीन तीन माणसांना. पेरण्या अडल्या. वच्छलाबाईची सून दोन्ही पायांनी खाटेला खिळली, पोरगं अंगावर पाजायला दुसरीनं उचलून द्यावं लागे. बोर्डाचे डॉक्टर आले, पंडितही बरोबर आला. डॉक्टरांनी बारव पाहिली, खाटा पाहिल्या आणि अभिमनच्या ओट्यावर बसून चहा घेताना सांगितलं.

"फुटलेला नारू घेऊन माणूस पाण्यात उतरलं की त्यातून हजारो किडे पाण्यात सुटतात. डोळ्याला दिसत नाहीत. ते पाणी जो पिईल त्याच्या अंगात वर्षभरानं नारू. एवढा नारू एकदम निघाला, म्हणजे गेल्या वर्षी या दिवसांत कोणी तरी उघडा पाय घेऊन बराच वेळ या पाण्यात उभं होतं. कोण होतं, आठवतं का?"

"नाही," अभिमन म्हणाला.

पंडित म्हणाला, "नाना, अजून वेळ आहे. बोर्डाची सभा पंधरा दिवसांनी आहे. सडकेऐवजी बारव धरा म्हणून गावानं एकमतानं लिहून दिलं, तर मी काम बदलून घेतो. पण एकमत हवं. नंतर कोणी म्हणायला नको की पक्षानं आमची सडक खाल्ली. आणि दोन्ही कामं होणार नाहीत, हे आत्ताच सांगतो."

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. बायका मारुतीच्या मागच्या बाजूला बसल्या. पंडितनं सगळं समजावून सांगितलं, किडे कसे सुटतात तेही सांगितलं.

"दिसतस नहीत ना ते किडा?" जीवराम म्हणाला. "मंग तुम्हले कसा दिसनात? सडक माले दिसस. खड्डा दिसस."

"हाई कानबाईना कोप शे," एक म्हातारा म्हणाला. "गेल्ये साली तिन्ही पूजामा चूक व्हयनी."

"काय चूक व्हयनी?" वच्छलाबाई मागून बोलली. आवाज तिखट होता. "मन्ही बहीन मरत मरत देवी लई गयी. तिन्हापेक्षा कोन्ही पूजा नेक व्हती?"

"मंग पायऱ्या कशाले बुजवाना?" म्हातारा म्हणाला. "देवीले पाय ठेवाले जागा नको?"

लोक माना हलवू लागले. पंडित कागद दुमडायला लागला. अभिमनला कळत होतं की काय बोललं तर गाव वळेल. ते बोललं तर काय होईल तेही कळत होतं. गेल्या वर्षभरात ज्या एका गोष्टीला धरून तो उठत-बसत होता ती ही, की भागाबाईचं नाव गावात सगळे चांगलं घेतात. बायका दळताना तिच्या ओव्या म्हणत. पोरीबाळींना सांगत, भागाबाईसारखी हो.

तो उठला. टोपी काढून हातात घेतली.

"पूजामा चूक नही व्हयनी," तो म्हणाला. "पण ती पाण्यामा उतरनी तवय तिन्हा पायले नारू व्हता. फुटेल. वरनी पायरीवर तिनी चिंधी सोडी टाकी. मी उभा व्हतो. मी देखं. कमरपावत पाण्यामा गयी. गावनी वरीसभर तेच पानी पिधं."

तो बायकांच्या बाजूला वळला.

"तिले काय माहीत नव्हतं. ती तं म्हने, बारव आधी लिखा. मी सडक लिखी. तिले गप्प करासाठे कानबाईनं नाव मी काढं. पायऱ्या राहिन्यात त्या मन्हामुळे. पण पाय तिन्हा व्हता. खोटं कसं सांगू?"

खाटेवर पडलेली सून ज्यांच्या घरात होती, पेरणी ज्यांची चुकली होती, त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग कोणी तरी हळूच हिशेब लावला की कानबाईचा सोमवार आणि आजचा आषाढ यांत जवळजवळ वर्षच आहे. जीवरामनं मान खाली घातली.

"लिखा मंग बारव," तो म्हणाला. "आख मी बदलत राहसू."

वच्छलाबाई उठून पुढं आली. एवढ्या पुरुषांत ती कधी पुढं येत नसे.

"मरेल माणूसवर टाकं," ती म्हणाली. "जित्ती व्हती तवय तिन्हं आयकं नही, मरनी तं तिलेच पुढे करं. लाज नही वाटनी?"

"वाटस," अभिमन म्हणाला.

"आंगठा मी देसू. मन्ही सूनसाठे देसू. पण आजपाईन मन्हा उंबरावर येवानं नही."

पंडितनं कागद पुढं धरला. तिनं शाईत अंगठा बुडवला आणि दाबला. तिच्या मागून बाकीच्यांनी.

पंधरवड्यानं पंडितचा निरोप आला. बोर्डानं बारवेचं काम धरलं, गवंडी दिवाळीनंतर येणार. तोवर अभिमननं बाभळीच्या फांद्या तोडून पायऱ्यांच्या तोंडाशी घातल्या आणि वरच्या काठावर दोन आडवी लाकडं टाकून पोहऱ्याची सोय केली. बायका मुकाट्यानं पाणी शेंदत. कोणी त्याच्याशी भांडलं नाही. पण ओवी थांबली. तो वाटेनं गेला की जात्यावरचा आवाज खाली यायचा. एकदा दोन पोरी भांडत होत्या, त्यातली एक म्हणाली, "नारूवाली भागी!" अभिमन तिथंच एका भिंतीला टेकून उभा राहिला. घरी जाऊन जेवला नाही.

श्रावण आला. या साली कानबाई तीन मैलांवर नदीला न्यायची असं बायकांनी ठरवलं. नेणार कोण ते अभिमनला कोणी सांगितलं नाही.

कानबाईच्या रोटांना गहू भाऊबंदकीतल्या प्रत्येक घरातून गोळा करतात. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी. गहू एका जागी येतात, एकत्र दळतात आणि त्याचे रोट भाऊबंदकी मिळून खाते. ज्याच्या घरचा गहू नाही तो भाऊबंदकीत नाही. शनिवारी वच्छलाबाईचा मुलगा टोपली घेऊन घरं घेत निघाला. अभिमन ओट्यावर गहू मापून बसला होता. सव्वा मूठ, एका माणसाची. मुलगा शेजारच्या घरातून निघाला, अभिमनच्या दारासमोरून खाली मान घालून गेला आणि पुढच्या घरात शिरला.

अभिमन बसून राहिला. ऊन ओट्यावरून उतरलं. मग त्यानं गहू उपरण्याच्या पदरात बांधले आणि वच्छलाबाईच्या घराकडं निघाला. उंबऱ्याला पाय लावायचा नव्हता. तो ओट्याच्या खाली थांबला.

आत सून खाटेवर बसली होती, पोर मांडीवर. एका पायाचा दोरा निघून गेला होता, दुसऱ्याची काडी अजून होती. वच्छलाबाई सूप घेऊन बाहेर आली आणि त्याला बघून थबकली. बरंच काही बोलावं असं तिच्या तोंडावर आलं. त्यानं गाठ सोडून पदर ओट्याच्या कडेवर पसरला.

तिनं वाकून दोन दाणे बोटांनी चाळवले.

"निवडेल नहीत," ती म्हणाली.

अभिमननं पाहिलं. खडे होते, काळे दाणे होते, एक भुसकट होतं. एवढ्या वर्षांत गहू निवडावे लागतात हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्यापर्यंत ते निवडूनच आले होते.

वच्छलाबाईनं हातातलं सूप ओट्याच्या कडेला ठेवलं आणि आत गेली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. अभिमन ओट्याच्या खालच्या दगडावर बसला, गहू सुपात ओतले आणि डोळे बारीक करून एकेक खडा काढू लागला. अंधार पडायला अजून थोडा वेळ होता.