तपासणीत अडतंय

टीममध्ये त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. पदाचं नाव स्क्रम मास्टर. पण मास्तरकी म्हणावी तर हातात छडी नाही, आणि साहेबकी म्हणावी तर हुकूम कुणावर चालत नाही. काय बनवायचं ते प्रॉडक्ट ओनर ठरवणार, कसं बनवायचं ते डेव्हलपर ठरवणार, बनलेलं धड आहे का ते टेस्टर बघणार. बाईंनी फक्त वाटेतले अडथळे दूर करायचे. रोज सकाळी सगळ्यांना कामांच्या बोर्डासमोर उभं करायचं आणि विचारायचं, काल काय केलं, आज काय करणार, अडतंय कुठे? "एवढ्यासाठी पगार देतात होय तुला?" असं थोरल्या बहिणीने एकदा विचारलं होतं, तेव्हा बाईंनी हसून वेळ मारून नेली होती.

टीमचा टेस्टर म्हणजे याच बहिणीचा नवरा. आधीची नोकरी गेल्यावर भावोजी बरेच महिने घरी बसून होते, आणि बसून तरी कसले! सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेला माणूस. घरातलं प्रत्येक बटण, प्रत्येक नळ, प्रत्येक कपाटाचं दार उघडून मिटून बघायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला कळवायचे, "हे दार तीनदा ओढल्यावर लागतं बरं का." बहीण रडकुंडीला आली. "यांना कुठेतरी चिकटव गं बाई, नाहीतर एक दिवस मीच घर सोडून जाईन," असं तिने काकुळतीला येऊन सांगितलं, म्हणून बाईंनी ऑफिसात शब्द टाकला.

ऑफिसात नातं काढायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात भर मीटिंगमध्ये बाईंच्या तोंडून "भावोजी" निसटलं, आणि तेव्हापासून ते अख्ख्या टीमचेच भावोजी झाले. पंचविशीतली पोरंपोरीही "भावोजी, जरा बघा ना" करू लागली. त्यांना ते आवडायचं, हे चेहऱ्यावर दिसायचं. चूक सापडली की ते आवाज चढवत नसत. खुर्ची ओढून शेजारी बसत आणि ठरलेले तीन प्रश्न विचारत. "काय केलंस? काय व्हायला हवं होतं? आणि झालं काय?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरच्याला आपली चूक आपोआप सापडलेली असे.

टीम दवाखान्यांसाठी ॲप बनवत होती. दोन आठवड्यांचा एक फेरा, आणि फेऱ्याच्या शेवटी ठरवलेलं काम पूर्ण झालेलं दिसलं पाहिजे. आता डेव्हलपर चार आणि टेस्टर एक. चौघंही आपापली कामं सावकाश करत आणि शेवटच्या दोन दिवसांत कामांची सगळी कार्डं बोर्डावरच्या 'तपासणी'च्या रकान्यात ढकलून मोकळी होत. मग भावोजींना जेवायला उठायचीही सवड नसे. लांबून बोर्ड बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसे, की कामं झपाझप होताहेत आणि भावोजींपाशी येऊन तुंबताहेत.

फेरा संपला की मागे वळून बघण्याची बैठक असते. प्रत्येकाने मनातलं चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि चिठ्ठी बोर्डावर चिकटवायची. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळेच मोठ्या तुटक अक्षरांत लिहीत. सारख्या चिठ्ठ्या एकत्र करून त्यांना मथळा देणं हे बाईंचं काम. अशाच एका शुक्रवारी पहिल्या चिठ्ठीत होतं, शेवटी तपासणीला वेळच उरत नाही. दुसरीत होतं, कार्डं तपासणीत पडून राहतात. तिसरी म्हणत होती, तपासणीला आणखी दोन हात द्या. बाईंनी सगळ्या एका जागी गोळा केल्या, वर ठळक लिहिलं, 'तपासणीत अडतंय', आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. भावोजींनीसुद्धा.

"मग यावर उपाय?" बाईंनी विचारलं.

"आम्ही एकमेकांचं थोडंथोडं तपासत जाऊ की," चौघांतला लंबू म्हणाला.

"नाव कुणाचं लिहू?"

"टीम लिहा ना, मास्तरीणबाई. आपण काय वेगळे आहोत का?"

हा बारभाईचा कारभार होणार, हे बाईंना तेव्हाच कळलं होतं. पण नाव घेऊन काम सोपवणं त्यांच्या पदात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी 'टीम' लिहिलं. पुढच्या फेऱ्यात कुणीच कुणाचं काही तपासलं नाही. लंबूला विचारलं तर तो म्हणाला, "मला वाटलं चष्मेवाली बघतेय." आणि चौघांतल्याच त्या चष्मेवालीला वाटलं होतं लंबू बघतोय. सगळे घरी जायला निघाले तरी भावोजी डोळे चोळत पडद्यासमोर बसलेले होते.

म्हणून त्या वरच्या मजल्यावर साहेबांकडे गेल्या. बैठकीतलं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही, हा नियम त्यांनीच टीमला शिकवला होता. पण अडथळा दूर करणं हेच आपलं काम, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. भावोजींचं नाव मात्र काढायचं नाही, असं जिना चढतानाच पक्कं केलं. मेहुणी वकिली करतेय असं वाटायला नको.

"टीम चांगली आहे, साहेब. फक्त तपासणीत अडतंय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं हेच मत आहे."

"सगळ्यांचं?"

"अगदी सगळ्यांचं. आणखी एक माणूस मिळाला तर फार बरं होईल."

साहेब लिहून घेत होते. ते वर न बघता म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. बाकीचे स्क्रम मास्टर येतात आणि सगळं छान चाललंय म्हणून जातात. मी बघतो काय करायचं ते." एवढ्या सहज काम झालं म्हणून बाई खुशीत खाली उतरल्या.

महिन्याभराने साहेबांनी त्यांना वर बोलावून निर्णय सांगितला. तपासणी ही आता एका माणसाची नाही, सगळ्या टीमची जबाबदारी असेल. डेव्हलपरनी आपलं आपण तपासायचं. टेस्टरचं पद आजपासून बंद.

"मी माणूस मागायला आले होते, साहेब," बाई म्हणाल्या.

"तुम्ही अडतंय कुठे ते सांगितलंत. तुमच्याच टीमचं एकमत होतं ना?" साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

बाई खाली आल्या तोवर भावोजींना दुसऱ्या खोलीत बोलावून सांगून झालं होतं. टेबल आवरायला असं काय असणार? एक कप, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी. "टचमध्ये राहा हं भावोजी," लंबू म्हणाला, आणि उशी उचलून त्यांना दारापर्यंत पोचवायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बोर्डासमोर जरा पसरून उभे राहिले, म्हणजे मधली जागा रिकामी दिसेना. अडतंय कुठे, असं बाईंनी रोजच्यासारखं विचारलं. कुठेच अडत नव्हतं.

रविवारी त्या बहिणीकडे गेल्या. बहीण चहा टाकते म्हणून आत गेली. भावोजी कपाटाशी उभे होते. दार ओढायचे, सोडायचे, पुन्हा ओढायचे.

"ती दोन हात मागणारी चिठ्ठी माझी होती," ते पाठमोरेच म्हणाले. "तोंडाने मागायची लाज वाटली गं. आधीच मेहुणीच्या वशिल्याने आलेला माणूस."

बाई जवळच्या खुर्चीत टेकल्या.

"कुणीतरी एकदा वर जाऊन माझ्यासाठी बोलायला हवं होतं," भावोजी म्हणाले. "तुला नाही हो बोल लावत. तुझ्या हातात तरी काय आहे?"

गप्प बसता आलं असतं. भावोजींना कधीच कळलं नसतं, आणि बहिणीलाही नाही. चारचौघांना प्रश्न विचारण्यात बाईंचा जन्म गेला होता, उत्तर द्यायची पाळी फारशी आलीच नव्हती.

"मी गेले होते, भावोजी," त्या म्हणाल्या.

दार अर्धवट उघडंच राहिलं. भावोजींनी वळून त्यांच्याकडे बघितलं, मग खुर्ची ओढली आणि शेजारी येऊन बसले, ऑफिसात बसायचे तसेच.

"काय केलंस?"

"तपासणीत अडतंय म्हणून सांगितलं. सगळ्यांचं मत आहे म्हटलं."

"काय व्हायला हवं होतं?"

"तुमच्या मदतीला माणूस यायला हवा होता."

भावोजींनी मान हलवली. बाई तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिल्या. आत बहिणीच्या कपबश्या वाजत होत्या. भावोजी उठले, कपाटाकडे गेले आणि दार पुन्हा ओढून बघू लागले.