इंदूबाईचं पथ्य

मोतीरामच्या धाकट्या भावाचं, बुधाजीचं, नव्या बौद्ध रीतीनं लग्न लागलं ते साल अठ्ठावन्न. त्या लग्नात वरणाचा गंज उतरवताना मोतीरामची बायको इंदूबाई मटकन खाली बसली. तिचं अंग बाहेर आलं होतं. त्याआधी दोन वर्षं तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

मोतीरामनं तिला दर्यापूरहून मोटारीनं अमरावतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "यापुढं जड उचलायचं नाही."

ते पथ्य मोतीरामनं आपल्याच अंगावर घेतलं. पाणी, सरपण, दळण, कापसाचं गाठोडं, सगळं तोच वाहू लागला. विहिरीवर बायका हसत.

"काहो मोतीरामभाऊ, उद्या लुगडं नेसून येता का?" भागीरथा विचारी.

"तुयं दे, आत्ताच नेसतो."

त्याची कंबर धरली. तरी इंदूबाईनं घागरीला हात लावला तर तो खेकसायचा. आणि एवढं करून पाच वर्षांत तिचं दुखणं वाढतच गेलं. ती भिंत धरून चालू लागली. शेवटी तो तिला पुन्हा अमरावतीला घेऊन गेला. घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून शालूलाही नेलं. शालू त्यांची एकुलती एक, चौदा वर्षांची. तिसऱ्या वर्षी तापात तिचे दोन्ही पाय गेले होते.

"जड उचलता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाई बाई," मोतीराम छाती काढून म्हणाला. "तांब्यासुदा मी उचलू देत नाई."

बाईंनी बाकावरच्या शालूकडं पाहिलं. "हिला आत कोणी आणलं?"

"म्या," इंदूबाई म्हणाली.

"घरी कोण उचलतं?"

"मीच. नहानीत, परसाकडं. पोरगी मोठी झाली, बाप्या मानसानं कसं न्यावं?"

"हे जड नाही?"

इंदूबाईला प्रश्नच कळेना. "पोरगी काय ओझं असते का बाई?"

पाच वर्षं हे रोज मोतीरामच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि त्यानंही ते ओझ्यात धरलं नव्हतं.

मोटारस्टँडवर तो शालूपुढं गुडघ्यावर बसला. "चढ माय पाठीवर."

"लोक पाहून राह्यले, बाबा."

"पाहू दे त्याइले."

उठताना कंबरेत कळ आली. दात आवळून तो उठला.

तेव्हापासून शालूला परसाकडं न्यायचा तोच, आणि तिथं तोंड दुसरीकडं फिरवून उभा राहायचा. इंदूबाईचं चालणं थोडं सुधारलं. दोन वर्षं असं चाललं. पुढं त्याचाच एक पाय बधिर झाला, मग त्यानं खाट धरली. खाटेवरूनही तो इंदूबाईला शालूला उचलू देईना; भागीरथा येऊन तिला न्यायची.

मोतीराम सहासष्टच्या चैत्रात वारला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाईनं पदर खोचला आणि शालूला उचललं.

इंदूबाई अडुसष्टच्या भादव्यात वारली.