कच्छ्यांच्या वखारीवरची पाटी

मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला जिथे उतार लागतो, तिथे कानजी वाण्याचं दुकान होतं. गाव त्याला ‘कच्छ्याचा दुकान’ म्हणे. कानजीचे वडील प्रेमजी खजुराच्या गलबतातून आले, पावसाळा लागला म्हणून अडकले आणि इथलेच झाले. चिऱ्यांच्या भिंतींचं दुकान, मागे घर आणि शेजारी लांबलचक वखार त्यांनीच बांधली. घराचं नक्षीदार दार तेवढं कच्छहून समुद्रातून आलेलं.

दुकानात हिंग, गूळ आणि होड्यांना लावायच्या डांबराचा मिळून एकच वास यायचा. कानजी मोजकं बोलायचा. त्याची बायको रतनबेन मात्र येणाऱ्या प्रत्येकीची विचारपूस करी, तीही अस्सल मालवणीत. बायका तिला रतनबाय म्हणत.

पन्नास सालानंतरची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर वादळ झालं आणि किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या गाबितांच्या झोपड्या वाहून गेल्या. कानजीने वखारीतली पोती घरात हलवली आणि ती कुटुंबं वखारीत आणली. झोपड्या पुन्हा उभ्या राहीपर्यंत ती तिथेच राहिली. दर्या निवळल्यावर मासळी आली, पण चूल पेटेना. मासे विकणारी हौसाबाई टोपली घेऊन अंगणात घुटमळत राहिली.

“रतनबाय, तुमी मासो खायनास नाय. तुमच्या आंगणात शिजवूचो कसो?”

“आंगण माजा, नाकय माजा,” रतनबेन म्हणाली. “नाक मी धरतंय, तुमी शिजवा.”

त्या दिवसापासून हौसाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण झाली.

पुढे मुलगे मुंबईला गेले. बासष्ट साली कानजी वारला आणि दुकानाच्या फळ्या लागल्या त्या लागल्याच. मुलं बोलावत होती, पण रतनबेन हलली नाही. “थंय समुद्र दिसता, पण वळखीचो नाय,” एवढंच ती म्हणे. रिकामी वखार तिने वाडीतल्या मुलांच्या शाळेला देऊन टाकली.

गावाला फार बरं वाटलं. शाळेच्या गुरुदास मास्तरांनी पुढाकार घेऊन संगमरवरी पाटी करवून घेतली, वखारीच्या दाराशी भिंतीत खोबणी खोदली आणि कार्यक्रम ठरवला. आंब्याची तोरणं लागली. हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. रतनबेनने खोबणीशी टेकवून ठेवलेल्या पाटीवरचं फडकं बाजूला केलं आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचलं: ‘कच्छनिवासी कै. कानजी प्रेमजी यांच्या स्मरणार्थ.’

टाळ्या थांबल्या तरी ती वळेना.

“काय झालां, रतनबाय?” हौसाबाईने विचारलं.

“माजो घोव हंय जन्मलो,” रतनबेन हळूच म्हणाली. “हंयच्याच मसणात जळलो. कच्छ तेना डोळ्यांनी बघूक नाय. आनि दगडार कच्छनिवासी? मास्तरानू, आमी अजून पाव्हणेच काय हो?”

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी मानानेच लिहिलं होतं. लांबून आलेल्या घराण्याने गावासाठी एवढं केलं, हे पुढच्यांना कळावं असं त्यांना वाटलं होतं.

“चुकलंच माझं, रतनबेन,” ते म्हणाले. “ही पाटी आज लावायची नाही.”

“नको कशी? लावा,” ती डोळे पुसत म्हणाली. “आमका फक्त गावचे म्हणा.”

नवा संगमरवर आणणं काही सोपं नव्हतं. पाथरवटाने तोच दगड उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर नवी अक्षरं कोरली. आठवड्याभराने पाटी भिंतीत बसली, जुनी अक्षरं आत गेली. या वेळी ना तोरण होतं, ना भाषण. मास्तर, पाथरवट आणि दोघी म्हाताऱ्या, एवढेच होते. रतनबेनने पुन्हा बोट ठेवून वाचलं: ‘मालवणचे वाणी कै. कानजी प्रेमजी यांची वखार.’

“आता बरा झाला,” ती म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली. हौसाबाईही शेजारी टेकली. आत मुलं पाढे म्हणत होती. दोघी बराच वेळ ऐकत राहिल्या.