दोन आखूड फुंका

मित्रांनो, माझा आवाज ऐकून आजवर कुणाच्या चेहऱ्यावर हसू आलेलं नाही. मी पहारेकऱ्याची जुनी पितळी शिट्टी आहे. ग्रीसमधल्या एका प्राचीन नगरीच्या अवशेषांत माझं सारं आयुष्य गेलं. माझ्या बहिणी मैदानावर मुलांना खेळवतात. माझ्या वाट्याला मात्र लोकांना उठवण्याचं काम आलं.

पिरियस बंदराजवळच्या एका कारखान्यात मी घडले. पोटात बुचाचा गोळा घालून मला इथे धाडलं, तेव्हा नगरी मातीखाली होती आणि तिच्या डोक्यावर एक गाव नांदत होतं. मानोलिस हा इथला पहिला पहारेकरी. खोदकामासाठी गाव हलवायचं ठरलं, तेव्हा एकेक घर पाडण्याआधी तो मला दोनदा आखूड फुंकायचा. म्हणजे, बाहेर या. माणसं गाठोडी घेऊन मुकाट बाहेर यायची. गावकऱ्यांनी घरांना नगरीचेच दगड लावले होते. घरं गेली, पण ते दगड जुने म्हणून जागच्या जागी राहिले. शिट्टी काय खणखणीत वाजते, असं खोदकामाचे साहेबलोक म्हणायचे. तेव्हा मी फुलून जायचे, आता त्या कौतुकाची लाज वाटते.

मानोलिसनंतर त्याची मुलगी आंथुला पहाऱ्यावर आली. तिला माणसांशी बोलायची भारी हौस, पण दिवसभर बोलते मीच. बस येते, चाळीस मिनिटं थांबते, निघून जाते. कुणी अवशेषांभोवतीची दोरी ओलांडली की दोन आखूड फुंका. लोक दचकतात, आमच्याकडे रागाने बघतात आणि पुढे जातात. संध्याकाळी फाटक लावल्यावर आम्ही दोघी आणि रातकिडे, एवढेच उरतो.

गेल्या जुलैत बसमधून लाम्ब्रोस नावाचे एक म्हातारे गृहस्थ उतरले. गाव हललं तेव्हा इथून गेलेले, ते थेट ऑस्ट्रेलियात जाऊन म्हातारे झालेले. बाकीचे देवळाकडे वळले. हे मात्र दोरी ओलांडून फाटकाजवळच्या एका संगमरवरी दगडावर जाऊन बसले. आंथुलाने मला फुंकलं. ते ताडकन उठले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"अहो आजोबा, पाटी दिसत नाही का? एवढी मोठी लिहिलीय!"

"पाटी दिसली गं पोरी. पण हा आमचा उंबरठा आहे. आई इथे बसून शेंगा सोलायची." मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि ही मानोलिसची शिट्टी ना? मेली अजून जिवंत आहे होय!"

"मी त्यांचीच मुलगी," आंथुला खाली बघत म्हणाली.

"मग तू तरी बस सुटेपर्यंत बसू दे मला. आता पुन्हा काही माझं येणं व्हायचं नाही."

आंथुलाने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने दोरी वर धरली. "बसा. घर तुमचंच आहे. पण घरी आलेल्याला कुणी गोड द्यायला नको का? आलेच मी."

इथल्या घरांत पाहुण्याला आधी चमचाभर मुरांबा आणि गार पाणी देतात. चढावरच्या चौकीत आंथुलाचा संत्र्याच्या सालीचा मुरांबा होता. तबकात बशी आणि पेला ठेवून ती लगबगीने निघाली. मी तिच्या गळ्यात झुलत होते. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी पाहुणचाराला निघाले होते. मला फार आनंद झाला होता.

इतक्यात एक तरुण फोटोसाठी पडक्या खांबावर चढला. आंथुलाचा मोकळा हात सवयीने माझ्याकडे आला. दोन आखूड फुंका.

तो तरुण खांदे उडवत खाली उतरला. आणि तिकडे खाली लाम्ब्रोस उठले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. हातात टोपी धरून ते मुकाट फाटकाबाहेर गेले.

"आजोबा, तुम्हाला नाही! तुम्हाला नाही हो!" आंथुला ओरडत धावली. पाणी सांडलं. बसचा भोंगा वाजत होता, त्यात तिचा आवाज बुडाला. आम्ही फाटकाशी पोचलो, तोवर बस वळणाआड गेली होती.

आंथुलाने बशी उंबरठ्यावर ठेवली आणि ती दोरीबाहेर उभी राहिली. थोड्या वेळाने बशीला मुंग्या लागल्या.

मित्रांनो, जुन्या दगडांवर चढू नका, ते जपायलाच हवेत. पण त्यांच्यावर कधी काळी कोण बसत होतं, त्यालाही जपा. आणि मला ओठांना लावण्याआधी एकदा चहूकडे नजर टाका. मला एकच गोष्ट बोलता येते, आणि ती कुणाला म्हटली, हे मला सांगता येत नाही.