जवसाचं तेल

‘ळ’च्या दोन्ही पोटांत तेल साचलं होतं, पिवळट, अक्षराचा काठ ओलांडून कागदात पसरत गेलेलं... मनकर्णाबाईंनी नेहमीसारखी नजर काढून घेतली, कारण त्या डागांकडे पाहून आता कोण काय बोलणार, हे त्यांना पाठ होतं.

“बापरे, केवढे तेलकट डाग!” मोबाइलवर पानांचे फोटो काढता काढता जया म्हणाली. वडिलांच्या कवितांची ही पातळ पुस्तिका देवळीच्या छापखान्यात छापली तेव्हा जया पाळण्यात होती. आता त्यांच्या पंचाहत्तरीला ती नव्यानं छापायची, म्हणून लेक मुद्दाम वर्ध्याहून आली होती.

“तुह्या मायचे हात हायेत ते,” मनोहरराव बंगईवर झोका घेत म्हणाले. “जवसाची चटणी कुटता कुटता वाचाले बसली. माह्या कवितेलेच फोडणी देल्ली तिनं!”

जया हसली.

नवऱ्याचं हसणं मनकर्णाबाईंच्या अंगवळणी पडलं होतं – पाहुण्यांसमोर, व्याह्यांसमोर, दर वेळी तीच फोडणी. पण लेकीनं हसावं? तळपायाची आग मस्तकात गेली. एकदाच, फक्त एकदाच त्यांनी ती पुस्तिका हातात घेतली होती; दुपारी, चूल आवरल्यावर, हात धुऊन... धुतले होते ना? धुतले होते. मी धुतले होते, साबणानं! पण पुढे पानांवर तेल दिसायला लागलं, आणि अख्ख्या घरात तेलाचे हात कुणाचे, तर हिचेच – जशी बाकीची माणसं जेवतच नव्हती. तेव्हापासून कानाला खडा. कपाटातल्या पुस्तकाला हात नाही, लेकीच्या शाळेच्या पुस्तकाला नाही. वाचायची हौस भागवायची ती वाण्याच्या पुडीच्या कागदावर, तो तर आधीच तेलकट.

“आई, दुसरी स्वच्छ प्रत नाही का गं?”

होती. पेटीत, साड्यांखाली. कडा कापायची राहून गेलेली, घड्या तशाच शिवलेली, पानाला पान जोडलेलं. छापखान्यातल्या हरिदासनं गठ्ठा आणून दिला तेव्हा मनोहररावांनी ती वाया गेली म्हणून बाजूला फेकली होती. जे उघडतच नाही ते आपल्या हातून काय खराब होणार, असं म्हणून मनकर्णाबाईंनी उचलून ठेवली.

आत जाऊन त्यांनी प्रत काढली आणि भाजीच्या सुरीनं पहिली घडी चिरली.

तेच. ‘ळ’च्या पोटात तेच पिवळं, प्रत्येक ओळीला तोच तेलाचा काठ – आणि समोरच्या कोऱ्या पानावर त्याच ओळी उलट्या, फिकट तपकिरी उमटलेल्या. छापल्यापासून इथे कुणाचं बोट शिरलं नव्हतं, शिरूच शकत नव्हतं. त्यांनी पान नाकाशी नेलं... आणि ओट्यावर चहा पिणारा हरिदास आठवला, गठ्ठ्यावर हात ठेवून सांगणारा – “भाऊ, शाईत जवसाचं तेल असते. वाळू द्या चांगलं, मंग गठ्ठे बांधजा.” मनोहररावांना कुठला दम! संध्याकाळच्या आत गठ्ठे बांधून मोकळे.

म्हणजे तेल होतं. जवसाचंच होतं. हात तेवढे माझे नव्हते.

“अवो,” बाहेर येऊन त्यांनी ते पान मनोहररावांच्या पुढ्यात धरलं, “इथं माहे हात कुठून गेले, सांगा बरं.”

मनोहररावांनी चष्मा लावला. पान उजेडाकडे फिरवलं, दुमडलेली कड चाचपली. “शाईचं तेल हाय हे,” ते म्हणाले, जसं काही त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. “जुन्या कागदाले होतेच असं. एवढं काय त्यात?”

एवढं काय! चाळीस वर्षं पुस्तकांपासून अस्पृश्यासारखी राहिले मी, आणि एवढं काय... शब्द अगदी ओठांवर आले होते.

“आई,” जयाचा आवाज आता खाली गेला होता, “तूच धर पुस्तक. मी फोटो काढते.”

मनकर्णाबाईंनी हात पुढे केला – पण आधी पदराला पुसला. पदर ओला लागला. त्या थबकल्या. मघाशी पेटी उघडण्याआधी त्या मोरीवर गेल्या होत्या. साबण घेऊन हात धुतले होते, मनगटापर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं.

इतका वेळ बंगईवर रोखलेला राग आता कुठे न्यावा ते त्यांना कळेना. त्या आपल्या हातांकडे पाहत राहिल्या; आणि पुस्तक धरून समोर उभी असलेली जया, आई ते कधी घेते याची वाट पाहत होती.