कोणाला कोण लागतं

ऑफिसात त्याला सगळे झाडूवाला म्हणायचे. कामच तसलं! कॉम्प्युटरच्या चालू प्रोग्रॅममध्ये जे कोणालाच लागत नाही ते हुडकायचं आणि मेमरीतली जागा मोकळी करायची. साहेब एकदम खूश. म्हणाले, "हेच माणसांना लावू की! प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, आपल्याला कोण लागतं. एकच नाव. ज्याचं नाव कुठेच नाही, तो घरी."

झाडूवाल्याचं नाव कोण लिहिणार? पण पलीकडच्याच टेबलावर सख्खा मेहुणा होता. दोघांनी गुपचूप एकमेकांची नावं लिहिली आणि वाचले.

आता गप्प बसावं ना? छे! जेवताना साहेबांनी पाठ थोपटली आणि याने अक्कल पाजळली. "अशा नावांच्या मोजणीत एक खोट असते, साहेब. दोन टाकाऊ गोष्टी एकमेकींना धरून बसल्या, की मोजणीत दोघी कामाच्या दिसतात. त्यापेक्षा मुळापासून निघायचं, म्हणजे ज्याच्यासाठी सगळं चाललंय तिथून. मुळाला कोण लागतं, त्याला पुढे कोण लागतं, अशा खुणा करत जायचं. खूण नाही ते बाद."

मेहुण्याने हातातला घास ताटात टाकला. "दाजी, कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

साहेबांनी नव्या चिठ्ठ्या मागवल्या, हवी तेवढी नावं लिहा म्हणाले, आणि यादीचं काम झाडूवाल्याच्याच गळ्यात मारलं. मूळ अर्थात साहेब. साहेबांना ड्रायव्हर लागत होता, चहावाली लागत होती. त्या दोघांच्या चिठ्ठ्या कोऱ्या, त्यापुढे खूण सरकेचना. बाकी सगळं ऑफिस बाद, दाजी-मेहुणे दोघंही!

तेवढ्यात गिऱ्हाइकांचे फोन घेणारी बाई ओरडली, "अहो, गिऱ्हाईक खोळंबलंय, प्रोग्रॅम अडकलाय!" झाडूवाला धावला, मेहुण्याला विचारून विचारून दुरुस्ती केली, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मूळ गिऱ्हाईक! गिऱ्हाइकाला फोनवरची बाई लागते, बाईला तो, त्याला मेहुणा. भराभर सगळ्यांवर खुणा झाल्या, चहावालीवरसुद्धा, आणि गिऱ्हाइकाकडे जायला लागतो म्हणून ड्रायव्हरवरही. एकच नाव कोरं राहिलं. साहेबांचं.

यादी वाचून साहेबांचे कान लाल झाले. "पद्धतच चुकीची आहे. आपली मोजणीच बरी. एक चिठ्ठी, एक नाव." मग खुर्ची ओढून ते त्याच्याजवळ बसले. आजवर अरे-तुरे करणारा माणूस हळूच म्हणाला, "मी तुमचं लिहितो. तुम्ही माझं लिहाल ना?"

झाडूवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं. तो बापडा मान खाली घालून दाजींचंच नाव लिहीत होता.

संध्याकाळी घरी आला तर मेहुणा आधीच येऊन बसला होता. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "तुमच्या चिठ्ठीवर कोणाचं नाव होतं हो?"